‘पिंजरा’तले मास्तर ‘नाटकी’ का वाटतात? रंगमंचावरचा नट पडद्यावर येतो तेव्हा काय बदलतं

व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ या चित्रपटामधला दोन मिनिटांचा एखादा तुकडा फोनवर येतो. डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर गावाला चार शब्द सुनावत असतात. आवाज खणखणीत, प्रत्येक शब्द सुटा, मान ताठ. विशीतली मुलगी बघते आणि म्हणते, ‘‘किती नाटकी!’’ शेजारी बसलेले वडील दुखावतात, कारण त्यांच्या मनात ही भूमिका फार वरच्या जागी आहे. वाद तिथेच अडतो, कारण ‘नाटकी’ म्हणजे नेमकं काय हे दोघांपैकी कुणीच उलगडून सांगत नाही.

ते उलगडून सांगता येतं. थोडी मोजपट्टी, थोडा आवाजाचा हिशेब आणि लागूंच्या कारकिर्दीतली चार-पाच सालं, एवढं त्याला पुरतं. आणि एकदा ते कळलं की हा शेरा निम्मा खरा का आहे आणि निम्मा का चुकतो, तेही दिसायला लागतं.

चंद्राएवढा चेहरा

माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण नऊ इंच. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली सुरू झालं, तिथे हजाराच्या आसपास प्रेक्षक बसतात. अशा नाट्यगृहात मागच्या रांगेतला माणूस नटापासून पाऊणशे फुटांवर आहे असं धरू. पाऊणशे फुटांवरचं नऊ इंचांचं डोकं डोळ्याला किती मोठं दिसेल? जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढं. हात लांब करून करंगळी समोर धरली, तर तिच्या नखाच्या अर्ध्या रुंदीत मावेल एवढं.

आता त्या चंद्रावर नटाने नुसती भुवई उंचावली, तर मागच्या रांगेला काय दिसणार? काहीच नाही. म्हणून रंगमंचावरचा नट भुवईचं काम मानेला देतो, मानेचं खांद्याला आणि खांद्याचं अख्ख्या शरीराला. धक्का बसला की तो एक पाऊल मागे सरकतो. लाज वाटली की पाठ फिरवतो. मागच्या माणसाने तिकीट काढलंय, त्यालाही गोष्ट कळली पाहिजे, या हिशेबातून हे येतं.

चित्रपटात याच्या उलट होतं. क्लोज-अप, म्हणजे नुसत्या चेहऱ्याने पडदा भरून टाकणारं दृश्य. वीस फूट उंच पडद्यावर चेहऱ्याने सोळा फूट व्यापले, तर पन्नास फुटांवर बसलेल्या प्रेक्षकाला तो चेहरा नाट्यगृहातल्या मागच्या रांगेपेक्षा तीसेक पट मोठा दिसतो. पापणी तीन मिलिमीटर खाली आली तर पडद्यावर ती अडीच इंच खाली येते. इथे पाऊल मागे टाकायची गरजच नाही. टाकलं तर नट चौकटीच्या बाहेर जाईल.

आणि फोनवर? उभ्या धरलेल्या फोनवर आडवा चित्रपट लावला की चित्राची उंची दोन इंचांच्या आसपास उरते. चेहरा थिएटरातल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच दिसतो. आवाज मात्र इअरफोनमधून थेट कानात. म्हणजे चेहरा आक्रसला आणि आवाज जवळ आला. मोठ्या पडद्यासाठी जुळवलेला तोल तिथेच बिघडतो. त्या मुलीला जे ‘नाटकी’ वाटलं, त्यातला बराच वाटा या बिघडलेल्या तोलाचा आहे.

‘‘पण माईक असतो ना?’’

हा प्रश्न हमखास येतो. नाट्यगृहात माईक असतात, पण ते नटाच्या गळ्यात नसतात. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेला किंवा वरून टांगलेला माईक जवळ उभ्या असलेल्या नटाचा आवाज भरभरून घेतो, मागे सोफ्यावर बसलेल्याचा कमी घेतो आणि पावलांचा खडखडाट फुकटात वाढवून देतो. नटाने आवाज पोचवला नाही, तर माईक त्याला वाचवू शकत नाही.

पोचवायचा म्हणजे किती? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवरून सोळा मीटरवर जाताना असे चार टप्पे होतात, म्हणजे चोवीस डेसिबलची घट. नाट्यगृहाच्या भिंती थोडा आवाज परत देतात, तरी उरलेली तूट नटानेच भरायची. ओरडून ती भरत नाही. घशातून ओरडलं की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, आवाज कोरडा पडतो, आणि शनिवार-रविवारचे तीन प्रयोग झाले की सोमवारी गळा बसतो. महिनोन्महिने असं चाललं तर स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. जाणकार नट श्वास पोटापाशी धरून सोडतो, जबडा मोकळा ठेवतो आणि व्यंजनं स्पष्ट करतो. स्वर आवाजाला आकार देतात, पण शब्द कळतो तो व्यंजनांमुळे.

मराठीत यात एक जास्तीची अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नकारही शेवटीच. ‘मी या घरातून जाणार नाही’ या वाक्यात श्वास संपून ‘नाही’ गिळला गेला, तर मागच्या रांगेला नेमकी उलट गोष्ट ऐकू जाते. म्हणून मराठी रंगभूमीवर वाक्याचं शेपूट पडू न देण्याची सवय तालमीत घोटून घेतली जाते. आपल्याला जी ‘संवादफेक’ वाटते, तिच्यातला मोठा भाग म्हणजे शेवटच्या शब्दापर्यंत पुरवून वापरलेला श्वास. लागूंचं कुठलंही वाक्य ऐका, शेवटचा शब्द पहिल्याइतकाच भरलेला असतो.

घशाचा डॉक्टर

लागूंचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ चा, साताऱ्याचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकून ते कान-नाक-घशाचे सर्जन झाले. त्याच काळात भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पुण्याच्या नाट्यवर्तुळातली पीडीए, या संस्थेत ते नाटकं करत होते. पुढच्या प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड झालं, टांझानियातल्या टबोरा इथे सर्जन म्हणून नोकरी झाली. मग १९६९ साली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी वैद्यकी सोडली आणि वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून पूर्णवेळ नटाचा व्यवसाय पत्करला.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७० मध्ये, गोवा हिंदू असोसिएशनने वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, बायको कावेरीच्या भूमिकेत शांता जोग आणि गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत लागू. शेक्सपिअरच्या लिअर राजाची सावली असलेलं हे नाटक जवळजवळ एका माणसाच्या श्वासावर उभं आहे. निवृत्त नट, मुलांनी झिडकारलेला बाप आणि मधूनच उफाळून येणाऱ्या जुन्या भूमिका, हे सगळं एकाच देहात, एकाच संध्याकाळी, क्रमाने. यातली लांब स्वगतं, म्हणजे रंगमंचावर एकट्याने मोठ्याने बोललेलं मनातलं, ही थेट सभागृहाशी बोलण्याची जागा. तिथे मागच्या रांगेपर्यंत पोचणं हीच कामाची पहिली अट.

‘पिंजरा’ आला १९७२ मध्ये. त्याच वर्षी रंगमंचावर ते ‘हिमालयाची सावली’तले नानासाहेब भानू करत होते, म्हणजे घराकडे पाठ फिरवून समाजाचं काम करणारा आणखी एक उत्तुंग माणूस. थोडक्यात, व्ही. शांताराम यांच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला हा नट त्या दोन-तीन वर्षांत रात्रीमागून रात्री हजार माणसांशी बोलत होता.

असा नट कॅमेऱ्यासमोर गेला की काय बिघडतं

पहिली अडचण उर्जेच्या वाटपाची. चित्रपटात एखादा प्रसंग आधी सहसा दुरून, सगळी माणसं दिसतील असा घेतात आणि नंतर जवळून. नाटकाची सवय असलेला नट पहिल्याच वेळी सगळं ओतून मोकळा होतो. तीन तासांनी, प्रकाशयोजना बदलून क्लोज-अप लागतो, तेव्हा डोळ्यांत काही उरलेलं नसतं. आणि प्रेक्षकाच्या लक्षात राहणार असतो तो नेमका तोच क्लोज-अप.

दुसरी अडचण जागेची. ७५ मिलिमीटरची लेन्स, तिचं तोंड बऱ्यापैकी उघडं आणि नट सहा फुटांवर, अशा मांडणीत तीन-साडेतीन इंचांच्या पट्ट्यातच चित्र स्पष्ट राहतं. भावनेच्या भरात नट अर्धा फूट पुढे झुकला की चेहरा धूसर होतो आणि टेक वाया जातो. त्या काळी रंगीत कच्ची फिल्म महाग. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं. वाया गेलेला प्रत्येक टेक निर्मात्याच्या खिशातून जायचा, त्यामुळे ‘पुन्हा एकदा’ म्हणायची मुभा आजच्यासारखी नव्हती.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, ती क्रमाची. नाटकात माणूस पहिल्या अंकात ताठ असतो आणि शेवटच्या अंकात मोडतो. मधला प्रत्येक पायरीचा उतार त्याच संध्याकाळी त्याच्या अंगावरून गेलेला असतो. चित्रपट जागेप्रमाणे चित्रित होतो. शाळेतली सगळी दृश्यं एकदम, तंबूतली सगळी एकदम. सकाळी अधोगतीचा शेवट आणि दुपारी तिची सुरुवात, असंही होतं. तेव्हा नटाला मनात एक उतरता जिना बांधून ठेवावा लागतो, आणि आज आपण कितव्या पायरीवर आहोत हे दर वेळी नव्याने आठवावं लागतं. एक पायरी चुकली तर संकलनात दोन दृश्यं शेजारी येतात आणि माणूस उगाच अचानक म्हातारा किंवा अचानक तरुण वाटतो.

बाकीच्या गोष्टी लहान, पण त्याही नडतात. टाळीच्या वाक्यानंतर थांबायची सवय चित्रपटात भोक पाडते, कारण तिथे टाळी येतच नाही. रंगमंचावर नट सहनटाशी बोलतानाही थोडा प्रेक्षकांकडे कललेला असतो, कॅमेऱ्याला ते ताबडतोब खोटं दिसतं. हातातला पेला कितव्या शब्दाला उचलला होता, ते दुसऱ्या कोनातून घेताना तंतोतंत तसंच लागतं.

दुसऱ्या बाजूला, नाटकवाल्याकडे काही ठेवी असतात. पाठांतर पक्कं असतं. तीच तीव्रता दहाव्यांदा देता येते. त्या काळातल्या बहुतेक चित्रपटांत संवाद नंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित होत. त्याला डबिंग म्हणतात. दृश्याचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा पडद्यावर फिरतो, आणि काही आठवड्यांपूर्वी केलेला राग नटाने एका बंद खोलीत ओठांबरहुकूम परत आणायचा. ज्याने तेच वाक्य शेकडो प्रयोगांत ताजं ठेवलंय, त्याला हे काम इतरांपेक्षा सोपं जातं.

मग ‘कमी कर’ म्हटलं की झालं?

नाटकातून आलेल्या नटाला सेटवर पहिला सल्ला हाच मिळतो, आणि हा सल्ला अर्धवट आहे. नुसता आवाज आणि हालचाल कमी केली की बहुतेक वेळा त्यामागचा हेतूही कमी होतो. चेहरा शांत होण्याऐवजी रिकामा होतो. असे रिकामे चेहरे आपण मालिकांत रोज बघतो आणि त्यांना सहज अभिनय म्हणतो, ही खेदाची गोष्ट आहे.

माडीवरून गल्लीतल्या मुलाला ‘घरी ये’ म्हणून हाक मारणारी आई आणि तेच वाक्य दारात आलेल्या मुलाला दात आवळून सांगणारी आई आठवा. रागात फरक पडलेला नाही. दुसऱ्या वेळी कदाचित तो जास्तच असेल. बदललंय ते ऐकणाऱ्याचं अंतर. नटाला कॅमेऱ्यासमोर करायचं असतं ते हेच. रंगमंचावर तो सहनटाशी बोलता बोलता मागच्या रांगेशीही बोलतो. इथे ती मागची रांग काढून टाकायची, बाकी काहीही काढायचं नाही.

आणि एक गोष्ट वाढवायची, ती म्हणजे ऐकणं. नाटकात दुसरा बोलतो तेव्हा प्रेक्षकांची नजर बोलणाऱ्याकडे असते, त्यामुळे ऐकणारा थोडा विसावला तरी चालून जातं. चित्रपटात संकलक नेमका ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवू शकतो.

शांतारामांनी हे आधी दोनदा पाहिलं होतं

‘पिंजरा’चा विचार करताना हा धागा सहसा कुणी धरत नाही. व्ही. शांताराम स्वतः लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत होते. पुढे प्रभात फिल्म कंपनीसाठी त्यांनी १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ केला आणि संत एकनाथांच्या भूमिकेसाठी प्रत्यक्ष बालगंधर्वांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. बालगंधर्व तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे. त्यांची सारी जादू स्त्रीभूमिकेत, आणि प्रेक्षकांच्या वन्समोअरवर फुलत जाणाऱ्या पदांत. चित्रपटात भूमिका पुरुषाची, गाणं मोजक्या मिनिटांचं आणि समोर दाद द्यायला कुणी नाही. त्यांचं मोठेपण ज्या तीन खांबांवर उभं होतं, ते तिन्ही एकाच वेळी काढून घेतले गेले. हा सहयोग पुढे वाढला नाही. दोष बालगंधर्वांच्या अभिनयाला देण्यात अर्थ नाही.

दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, ‘कुंकू’ आला. केशवराव दाते हेही जुने, नाणावलेले रंगभूमीवरचे नट, पण नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या १९३३ मधल्या ‘आंधळ्यांची शाळा’च्या प्रयोगातून वास्तववादी अभिनयाची वाट चाललेले. ‘कुंकू’त ते तरुण मुलीशी लग्न केलेले उतारवयातले वकील काकासाहेब झाले. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, आहेत ते घरातले आणि रस्त्यावरचे खरे आवाज. अशा शांततेत नटाने जोर लावला असता तर तो उघडा पडला असता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत बसलेला, स्वतःच्या वयाला घाबरलेला माणूस दात्यांनी जवळजवळ हालचालीविना उभा केला.

म्हणजे नाटकातल्या नटाकडून पडद्यावर शांत काम करून घेणं शांतारामांना ठाऊक होतं. पस्तीस वर्षांनी त्यांनी लागूंना मोठ्या पट्टीत बोलू दिलं असेल, तर ते नजरचुकीने झालं असं मानायला जागा नाही.

मास्तर मुळात कुणाशी बोलत असतात?

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, तरी धागा हाती राहावा म्हणून थोडक्यात. एका गावातले आदर्शवादी मास्तर गावात आलेल्या तमाशाच्या फडाला हुसकावून लावतात. फडातली चंद्रकला (संध्या) सूड म्हणून त्यांना खाली खेचायचं ठरवते. मास्तर तिच्यात गुंततात. गावाचा आदर्श मोडू नये म्हणून एका छिन्नविच्छिन्न प्रेताला मास्तरांचं प्रेत भासवलं जातं. गाव मास्तरांचा खून झाला असं समजतं, त्यांचा पुतळा उभारतं. जिवंत मास्तर त्याच फडाबरोबर गावोगाव फिरत राहतात, आणि शेवटी त्यांच्यावरच मास्तरांच्या, म्हणजे स्वतःच्याच, खुनाचा आरोप येतो.

आता पहिल्या भागातले मास्तर बघा. ते एकटे कधी बोलतात? जवळजवळ नाहीच. समोर शाळा असते, नाहीतर गाव. हा माणूस सतत प्रेक्षकांपुढे उभा आहे, आणि ते त्यालाही माहीत आहे. त्याचा आवाज हा व्यासपीठावरचा आवाज आहे, कारण त्याचं अख्खं आयुष्यच व्यासपीठ आहे. लागूंनी इथे रंगमंचावरची संवादफेक वापरली ती मास्तरांची म्हणून. तो मोठा आवाज हा मास्तरांचा स्वभाव आहे, आणि पुढे तेच त्यांच्याकडून काढून घेतलं जाणार आहे.

अर्ध्यानंतर हा आवाज पायरीपायरीने विझतो. ज्याच्याभोवती गाव जमायचं, त्याचा प्रेक्षकच नाहीसा झाला आहे, कारण गावाच्या लेखी तो मेलाय. आणि मग येते ती प्रतिमा, जी एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, मागे उभे असलेले मास्तर, हातात तुणतुणं.

तुणतुण्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण शहरातल्या वाचकाला ते नुसतं गरिबीचं चिन्ह वाटतं. तमाशात ते आधाराचं वाद्य. एक पोकळ नळकांडं, एक दांडी, एकच तार. तिच्यातून एकच सूर अखंड छेडत राहायचा, ज्याच्या आधारावर गाणारी गाते. तुणतुणंवाला मागे उभा राहतो. पुढे नाचणारीचं तेज, ढोलकीचे बोल, सोंगाड्याची फिरकी. त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण तो थांबला तर सूर लटका पडतो. एकेकाळी ज्याच्या प्रत्येक शब्दाला गाव मान डोलवायचं, त्याच्या हातात आता एकच सूर आहे, आणि तोही दुसऱ्याच्या गाण्यासाठी. इथे लागू चेहऱ्यावर फार थोडं करतात. पहिल्या भागातली ती खणखणीत पट्टी कानात शिल्लक असते, म्हणूनच ही शांतता एवढी जड वाटते. पहिल्या भागात ते सहज, हलक्या आवाजात बोलले असते तर इथे पडायला उंचीच उरली नसती.

दोन मिनिटांच्या तुकड्यात यातलं काही येत नाही, कारण त्यात चढ असतो, उतार नसतो.

‘‘पण हे सगळं जर्मन चित्रपटातून घेतलं ना?’’

बीज तिथलं आहे. ‘द ब्लू एंजल’, १९३०, दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग. त्यामागे हाइनरिश मान यांची कादंबरी. एक कडक प्राध्यापक, कॅबरेत गाणारी बाई आणि त्याचा विदूषक होईपर्यंतचा ऱ्हास. प्राध्यापक झालेले एमिल यानिंग्स हेही बर्लिनच्या रंगभूमीवरून आलेले नट होते. मोठ्या आवाजाचा माणूस हळूहळू मुका होत जाण्यासाठी नाटकातला नट लागतो, हे तिथेही दिसतं.

पण ‘पिंजरा’ने घातलेली भर कथेचा गाभाच बदलते. जर्मन प्राध्यापक आपल्या जुन्या वर्गात परत येऊन जुन्या मेजापाशी मरतो. त्याची अप्रतिष्ठा सगळ्या गावाने पाहिलेली असते. इथे गावाने काहीच पाहिलेलं नाही. पुतळा स्वच्छ आहे आणि माणूस चिखलात आहे, दोघं एकाच वेळी अस्तित्वात आहेत. विदूषकाऐवजी तुणतुणंवाला येणं हाही फक्त स्थानिक पोशाख चढवण्याचा प्रकार नाही. तो या मातीतल्या कलेची आतली रचना माहीत असलेल्यालाच सुचेल.

‘‘तरी थोडं जास्त होतंच की!’’

काही जागी होतं, हे मान्य. पण अभिनय किती मोठा हवा हे चित्रपटाची पट्टी ठरवते. ‘पिंजरा’त रंग भडक आहेत, कॅमेऱ्याचे कोन ठसठशीत आहेत, प्रतीकं उघड आहेत, संध्याचं नाचणं आणि बोलणं दोन्ही लयीवर चढवलेलं आहे, आणि राम कदमांच्या संगीतात ढोलकी पुढे आहे. पेटी काळी चारमध्ये वाजत असताना गायक पांढरी एकमध्ये गायला लागला, तर त्याला संयमी म्हणत नाहीत, बेसूर म्हणतात.

याहून पक्का पुरावा थोड्याच काळाने मिळतो. चित्रपट ‘सामना’. पटकथा-संवाद विजय तेंडुलकर, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल. पुन्हा लागू, पुन्हा त्यांना म्हणतात मास्तरच, पण हा मास्तर दारूत बुडालेला, कुठून आला ते ठाऊक नसलेला, साखर कारखान्याच्या सत्तेसमोर एकच प्रश्न विचारत राहणारा. मारुती कांबळेचं काय झालं? समोर निळू फुल्यांचा हिंदूराव. या चित्रपटाची पट्टी खालची आहे आणि लागूही खाली आहेत. तो प्रश्न ते ठासून विचारत नाहीत, जवळजवळ स्वतःशी पुटपुटल्यासारखा विचारतात, आणि म्हणून तो हिंदूरावाला झोपू देत नाही. पुढे १९७७ च्या ‘घरौंदा’त ते आणखी खाली उतरले. उतारवयातला श्रीमंत मालक, बोलणं मोजकं, हालचाल त्याहून मोजकी. त्या भूमिकेला फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. ज्याला आवाज खाली आणता येतो, तो वर नेतो तेव्हा ती त्याची निवड असते.

‘पिंजरा’ आता बघायचा तर

निदान टीव्हीवर बघा, फोनवर नको, आणि सलग बघा. तीन ठिकाणी लक्ष ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात मास्तर वाक्याचा शेवटचा शब्द कसा सोडतात ते ऐका. चंद्रकलेशी एकांतात बोलायची वेळ येते, तेव्हा त्यांना हात कुठे ठेवावेत हे सुचत नाही. गर्दीपुढे सरावलेल्या माणसाचं ते अवघडलेपण देहातून आलेलं आहे, म्हणजे रंगमंचाचीच कमाई आहे.

तिसरी जागा खटल्याची. आता बोलणारे दुसरे आहेत. ते मास्तरांच्या थोरवीबद्दल बोलतात, त्यांच्या खुन्याबद्दल बोलतात, आणि दाढी वाढलेला एक माणूस आरोपीच्या जागी उभा राहून स्वतःची स्तुती आणि स्वतःवरचा आरोप दोन्ही ऐकून घेतो. एका वाक्यात तो सगळं उलथवू शकतो. लागू ते वाक्य ओठांपर्यंत आणतात आणि परत गिळतात. त्या वेळी बोलणाऱ्यांकडे बघू नका.